वीस प्रश्नांचे आठ होतात तेव्हा

समीक्षा करायची तर मजकूर कथा-कवितेचाच असला पाहिजे असे नाही. गेली दोन-तीन वर्षे मी ज्या मजकुरापाशी अडून बसले आहे, तो जेमतेम पानभराचा आहे. त्याला लेखक आहेत, मूळ संहिता आहे, संक्षिप्त आवृत्त्या आहेत, अनुवाद आहेत, आणि कोणत्या आवृत्तीत काय गळले यावर गेली चाळीस वर्षे चाललेला वाद आहे. हा मजकूर दवाखान्याच्या बाकावर बसून वाचला जातो आणि वाचणाऱ्याच्या बोटांना कधी कधी पेन धरणेही अवघड असते.

ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस या आजारात (आपण त्याला ढोबळपणे संधिवात किंवा आमवात म्हणतो) रुग्णाला रोजची कामे किती जमतात हे मोजण्यासाठी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर' ही प्रश्नावली तयार केली. ती १९८० साली प्रसिद्ध झाली. तोवर डॉक्टर सांध्यांची सूज पाहत, रक्त तपासत, एक्स-रे काढत. रुग्णाला स्वतःला विचारावे आणि त्याच्या उत्तराला आकड्याची प्रतिष्ठा द्यावी, ही कल्पना त्या काळात साधी नव्हती. (जाता जाता एक योगायोग: आयुष्यातला आजारपणाचा काळ आक्रसून शेवटच्या थोड्या वर्षांपुरता उरू शकेल, हा गाजलेला सिद्धांत फ्राइज यांनी त्याच वर्षी मांडला. संक्षेप हा त्यांच्या नशिबातच होता.)

प्रश्न वीस आहेत. ते ओळीने वाचले की हळूहळू एक घर दिसू लागते. बुटाची नाडी आणि बटणे धरून कपडे घालता येतात का? केस धुता येतात का? बिनहाताच्या खुर्चीतून उठता येते का? ताटातले मांस कापता येते का, दुधाचा नवा खोका उघडता येतो का? पाच पायऱ्या चढता येतात का? टबात आंघोळ करता येते का, कमोडवर बसता-उठता येते का? डोक्याच्या वर असलेली पाच पौंडांची साखरेची पिशवी खाली काढता येते का? एकदा उघडलेली बरणी पुन्हा उघडता येते का? मोटारीत चढता-उतरता येते का? व्हॅक्यूम क्लीनर फिरवणे, अंगणातले काम करणे जमते का? कॅलिफोर्नियातल्या एका मध्यमवर्गीय माणसाचा दिवस इथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा आहे. प्रत्येक प्रश्नाला उत्तरे चार: काहीही त्रास न होता, थोड्या त्रासाने, खूप त्रासाने, करता येत नाही. त्यांचे गुण शून्य ते तीन.

हे वीस प्रश्न आठ गटांत वाटलेले आहेत: कपडे, उठणे, खाणे, चालणे, स्वच्छता, हात पोहोचणे, पकड, आणि इतर कामे. गुण देण्याचा नियम असा की गटातल्या सर्वांत वाईट उत्तराचा गुण तोच त्या गटाचा गुण. अंग धुणे सहज जमते, पण कमोडवरून उठताना जीव जातो. तर स्वच्छतेच्या गटात मोजला जातो तो कमोड. शिवाय काठी, खास उपकरण किंवा दुसऱ्याची मदत लागत असेल तर त्या गटाचा गुण निदान दोनवर नेला जातो. आठ गटांची सरासरी म्हणजे अंतिम आकडा, तोही शून्य ते तीनमध्येच. या संहितेतला सर्वांत महत्त्वाचा लेखकीय निर्णय मला हाच वाटतो. माणूस जिथे अडतो तिथे ही प्रश्नावली थांबते. जमणाऱ्या गोष्टींनी न जमणारी गोष्ट झाकायला ती परवानगी देत नाही.

आता संक्षेपाकडे येऊ. १९८३ साली नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातील थिओडोर पिंकस आणि सहकाऱ्यांनी या वीस प्रश्नांचे आठ केले, प्रत्येक गटातून एक. 'वाईटात वाईट' हा नियम अर्थातच गेला, कारण एकाच प्रश्नात निवडायचे काय? मदतीचा आणि उपकरणांचा हिशेबही गेला. उरली आठ उत्तरांची साधी सरासरी.

पिंकस यांच्यावर टीका करण्याआधी त्यांचा हेतू समजून घेणे मला आवश्यक वाटते, कारण तो उथळ नव्हता. प्रश्नावली ही संशोधकाच्या फडताळातली वस्तू न राहता प्रत्येक रुग्णाने, प्रत्येक भेटीत, डॉक्टरांकडे जाण्याआधी भरावी, असे त्यांना हवे होते. त्यासाठी ती एका पानात बसायला हवी आणि डॉक्टरला ती नजर टाकून वाचता यायला हवी. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, त्यांनी नऊ वर्षे पाहिलेल्या पंचाहत्तर रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. ज्यांची रोजची कामे सुरुवातीलाच फार अडत होती, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूही जास्त झाले होते. म्हणजे 'तुम्हाला नळ फिरवता येतो का' हा प्रश्न जगण्या-मरण्याशी बांधलेला निघाला. असा प्रश्न लांबलचक कागदामुळे विचारलाच जात नसेल, तर कागद कापायला हवा, यात मला वाद दिसत नाही. न भरलेल्या उत्तम प्रश्नावलीपेक्षा भरलेली साधारण प्रश्नावली बरी.

वाद आहे तो कात्री कुठे चालली याबद्दल. उरलेले आठ प्रश्न असे: कपडे घालणे, पलंगावर चढणे-उतरणे, भरलेला पेला तोंडाशी नेणे, सपाट जागी चालणे, अंग धुऊन कोरडे करणे, वाकून जमिनीवरचा कपडा उचलणे, नळ फिरवणे, मोटारीत चढणे-उतरणे. यादी पुन्हा वाचा. प्रत्येक गटातले तुलनेने सोपे काम बहुतेक वेळा राहिले आणि अवघड गेले. पायऱ्या गेल्या, सपाट जमीन राहिली. बरणी गेली, नळ राहिला. वरून काढायची साखरेची पिशवी गेली, कमोड गेला. आणि शेवटच्या गटात तीन प्रश्न होते: बाजारहाट, मोटार आणि घरकाम. त्यातून राहिली मोटार. हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट स्त्रियांना होतो. त्याच्या संक्षिप्त आवृत्तीत घरकामाचा एकही प्रश्न उरला नाही. संपादकाच्या मनात तसे काही नसेल. पण संहितेचे वाचन संपादकाच्या मनावर चालत नाही.

मी एक काल्पनिक स्त्री घेऊन दोन्ही फॉर्म भरून पाहिले. तिला अंग धुता येते, पण कमोडवरून उठताना खूप त्रास होतो. नळ फिरतो, बरणी खूप त्रासाने उघडते. वाकता येते, पण डोक्यावरच्या फळीवरून वजन उतरवणे खूप त्रासाचे. मोटारीत बसता येते, घरकाम मात्र ओढूनताणून होते. उरलेल्या चार गटांत काही तक्रार नाही आणि मदत कुणाचीच नाही. मूळ प्रश्नावलीत चार गटांना दोन-दोन गुण, बेरीज आठ, भागिले आठ: उत्तर १. संक्षिप्त प्रश्नावलीत आठही ठिकाणी शून्य: उत्तर ०. तीच बाई, तोच आठवडा, शून्य ते तीन अशीच दिसणारी पट्टी. एका कागदावर तिला मदतीची गरज आहे आणि दुसऱ्यावर ती ठणठणीत आहे.

हा माझा कल्पनाविलास राहिला असता तर सोडून देता आला असता. पण पुढे मोठ्या रुग्णसंख्येवर ही रूपे शेजारी ठेवून तपासली गेली, तेव्हा छोट्या रूपात शून्य मिळवणाऱ्यांचे प्रमाण मोठ्यापेक्षा बरेच जास्त निघाले. औषधांच्या चाचण्यांमध्ये मूळ प्रश्नावलीवर साधारण ०.२२ गुणांची सुधारणा ही रुग्णाला जाणवेल अशी किमान सुधारणा मानण्याची पद्धत आहे. शून्यावर बसलेल्या माणसाला सुधारायला जागाच नसते. नवे औषध लागू पडले तरी कागद हलत नाही, आणि औषधाची गरज होती हेही कागद सांगत नाही. पिंकस यांनी स्वतःच ही उणीव ओळखली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. १९९९ मध्ये आलेल्या त्यांच्या नव्या फॉर्ममध्ये दोन मैल चालणे आणि खेळात भाग घेणे अशी अवघड कामे आली, आणि झोप, चिंता, उदासी यांचीही विचारपूस आली.

संक्षेप करणारे सहसा एक युक्तिवाद पुढे करतात: दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेकांच्या बाबतीत सारखीच येत असतील तर एक प्रश्न पुनरुक्तीचा आहे, तो काढा. संख्याशास्त्राला हे पटते. मला अर्धेच पटते. 'बहुतेकांच्या बाबतीत' या शब्दांतच सगळी गोम आहे. ज्या थोड्यांच्या बाबतीत उत्तरे सारखी येत नाहीत, ज्यांना नळ जमतो पण बरणी नाही, त्यांची ओळख पटवायलाच तर दुसरा प्रश्न असतो. आकड्यांनी निवड करायची तर मधल्या गर्दीसारखी वागणारी वाक्ये टिकतात. काठावरच्या माणसांची वाक्ये त्यात गळतात.

संक्षेपाला दुसरी वाट आहे, आणि तिचा एक चांगला दाखला हाताच्या विकारांच्या प्रश्नावलीत मिळतो. खांदा ते बोटे एवढ्या टापूसाठी 'डॅश' नावाची तीस प्रश्नांची यादी होती. तिचे अकरा प्रश्न करताना कॅनडातल्या डोर्कास बीटन आणि सहकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या रीतींनी तीन छोट्या याद्या केल्या. दोन रीती गणिताच्या. तिसरीत मूळ यादीतला प्रत्येक आशय छोट्या यादीत उरतो की नाही हे माणसांनी बसून पाहिले. २००५ मध्ये निवडली गेली ती तिसरी. गणिती गुणवत्तेत तिन्ही जवळजवळ सारख्या होत्या, मग आशय टिकवणारी का घेऊ नये, असा तो व्यवहारी निकाल. त्या अकरा प्रश्नांत घट्ट बरणी उघडणे आहे, फरशी-भिंती धुण्यासारखे जड घरकाम आहे, सुरीने खाणे चिरणे आहे, रात्रीची झोप आहे. लैंगिक संबंधांचा एक प्रश्न मात्र तीसमध्ये होता, अकरात नाही. अनेक रुग्ण तो कोरा सोडतात. कोऱ्या जागेला या शास्त्रात दोष मानतात. मी मराठीच्या वर्गात वाढले, मला ती जागा बोलकी वाटते.

गणिताचाच हात पूर्णपणे धरला तर काय होते, हेही पाहायला मिळते. २००४ मध्ये फ्रेडरिक वुल्फ, कॅलेब मिशॉ आणि पिंकस यांनी त्याच स्टॅनफर्ड प्रश्नावलीचे नवे दहा प्रश्नांचे रूप केले. त्यासाठी डॅनिश गणितज्ञ गेओर्ग राश यांची पद्धत वापरली. तिच्यात प्रश्न फूटपट्टीवरच्या खुणांसारखे लावतात, सोप्यापासून अवघडापर्यंत, समान अंतर राखत. मोजमाप म्हणून हे रूप आधीच्या आठ प्रश्नांपेक्षा सरस आहे. शून्यावर अडकणारे कमी झाले. कमोड परत आला, वरून वजन काढणे परत आले. पंधरा मिनिटे रांगेत उभे राहणे हा नवा प्रश्न तर एखाद्या भारतीयाने सुचवल्यासारखा आहे. पण जड वस्तू उचलणे आणि जड वस्तू हलवणे असे दोन वेगळे प्रश्न असलेल्या या यादीत कपडे घालणे नाही, आंघोळ नाही, पेला तोंडाशी नेणे नाही. पट्टी सरळ झाली, दिवस नाहीसा झाला.

आपल्याकडे ही प्रश्नावली आली तेव्हा संक्षेप आणि रूपांतर अशी दोन्ही कामे एकदम झाली. अशोक कुमार, मालवीय आणि सहकाऱ्यांनी २००२ साली जी भारतीय आवृत्ती तपासून प्रसिद्ध केली, तिच्यात बारा प्रश्न आहेत. टब आणि मांस कापणे गेले. कमोडच्या जागी 'शौचाला उकिडवे बसणे किंवा जमिनीवर मांडी घालून बसणे' आले. मोटारीच्या शेजारी रिक्षा येऊन उभी राहिली. भाजीबाजारातली खरेदी आली, तीन किलोमीटर चालणे आले, जिना चढणे आले. मांडी घालण्याचा प्रश्न वाचून मला खरोखर आनंद झाला. जेवायच्या पंगतीत, पूजेला, लग्नाच्या मांडवात, मयताच्या घरी सतरंजीवर, आपल्या समाजात माणूस असणे म्हणजे खाली बसता येणे. खुर्ची मागावी लागणे हे अपंगत्वाचे पहिले सार्वजनिक निवेदन असते. हा प्रश्न मूळ लेखकांना सुचणे शक्य नव्हते.

तरीही याही यादीत स्वयंपाकघर नाही. कणीक मळणे नाही, भाकरी थापणे नाही, धुणे पिळणे नाही, भरलेली कळशी किंवा बादली उचलणे नाही. बोटांच्या मुळांशी आणि मनगटाशी आजार घर करतो, तेव्हा सगळ्यात आधी जाते ते पिळणे आणि थापणे. नळ पुष्कळ नंतर जातो. यावर उत्तर असे मिळते की हे प्रश्न पुरुषांना लागू होत नाहीत, आणि ज्यांच्या घरी बाई येते त्यांनाही लागू होत नाहीत. म्हणजे उत्तरे कोरी राहतात, म्हणजे प्रश्न वाईट. हा युक्तिवाद मला घातक वाटतो. मोटारीचा प्रश्न आपल्या किती घरांना लागू होता? तो सुधारून रिक्षा आणता आली. मग कणकेचाही मार्ग निघू शकतो: 'कणीक मळणे, किंवा ओला टॉवेल पिळणे.' टॉवेल पुरुषही पिळतात, निदान त्यांनी पिळावा.

अशा एका फॉर्मचा मराठी अनुवाद तपासण्यासाठी माझ्याकडे आला होता, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. या कामात उलट-अनुवादाची रीत आहे. मराठी मजकूर तिसऱ्याच माणसाने पुन्हा इंग्रजीत आणायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. 'तुम्हाला हे जमतं का?' हे वाक्य त्या चाळणीतून अलगद पार पडते. पण आपल्या बायकांच्या तोंडी 'जमतं' याचा अर्थ काय? माझी मावशी सोळा वर्षे या आजारात होती. तिला मी एकदा हे प्रश्न वाचून दाखवले. पहिल्या सगळ्या प्रश्नांना तिने 'जमतं की' असेच म्हटले. मग मी विचारले, "मावशी, त्रास न होता जमतं?" ती म्हणाली, "अगं, करावंच लागतं ना." जमणे, होणे, करता येणे आणि करावे लागणे, ही मराठीत चार वेगळी वाक्ये आहेत. प्रश्नावलीला पहिली तीन कळतात. चौथ्याचा गुण किती? 'त्रास' हा शब्दही तसाच. आजार म्हणजे त्रास, वेदना म्हणजे त्रास, आणि सासरी होतो तोही त्रास. 'तुम्हाला कपडे घालताना त्रास होतो का' या प्रश्नावर एखादी बाई आधी दाराकडे पाहते, ते उगीच नव्हे.

वीस प्रश्न असतात तेव्हा अशी गफलत एखाद्या उत्तरात झाली तरी शेजारचा प्रश्न ती सावरून घेतो. 'पकड' या गटात नळाला 'जमतं की' म्हणणारी बाई बरणीपाशी थबकते. आठ प्रश्नांत प्रत्येक वाक्य एकटे उभे असते. ते अनुवादात जरा कलले तर धरायला शेजारी कुणी नाही. म्हणून संक्षिप्त प्रश्नावलीचा अनुवाद दीर्घ प्रश्नावलीपेक्षा अवघड असतो. प्रत्यक्षात मात्र छोटा फॉर्म म्हणून त्यावर कमी वेळ खर्च होतो आणि मानधनही शब्दांवर ठरते.

छोटा फॉर्म नको असे मी म्हणत नाही, हे पुन्हा सांगते. पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ साली संधिवाताचे सर्वेक्षण सुरू झाले, तेव्हा स्वयंसेवक घरोघर गेले होते. उंबऱ्यात उभे राहून दीडशे प्रश्न विचारता येत नाहीत. पाठदुखीसाठी ब्रिटनमध्ये मार्टिन रोलंड आणि रिचर्ड मॉरिस यांनी १९८३ मध्ये केलेला संक्षेप तर मला आदर्श वाटतो. आजाराच्या परिणामांची १३६ विधानांची एक मोठी यादी होती. त्यांनी तिच्यातली २४ विधाने घेतली आणि त्यांना जोड दिली ती 'माझ्या पाठीमुळे' एवढ्याच शब्दांची. एकशे बारा वाक्ये काढून दोन शब्द घालणारा संपादक मला समजतो.

माझा आक्षेप क्रमाला आहे. आपण दुसऱ्यांच्या दिवसाचा संक्षेप घेतो आणि त्यात आपली रिक्षा बसवतो. आधी आपला दीर्घ दिवस लिहून काढला पाहिजे: पाट्यावरचा, मोरीतला, एसटीच्या उंच पायरीवरचा, शेतात वाकून खुरपणीचा, साडीच्या निऱ्या खोचण्याचा, नाडीची गाठ सोडण्याचा. साठ-सत्तर वाक्ये होतील. ती कोल्हापूरच्या, मेळघाटच्या, डोंबिवलीच्या बायकांना आणि पुरुषांना विचारायची, त्यांच्या तोंडचे शब्द तसेच ठेवून. त्यानंतर कात्री घ्यायची, आणि काढलेले प्रत्येक वाक्य कुणाचे होते ते समासात लिहून ठेवायचे. त्या यादीचे पहिले तीस प्रश्न मी करून ठेवले आहेत. एकतिसाव्यापाशी अडले आहे. 'करावंच लागतं' याला उत्तरांच्या रकान्यात पाचवी चौकट द्यावी की नाही, हे ठरत नाही. दिली तर जगातल्या कुठल्याच आकड्याशी तुलना करता येणार नाही, आणि न दिली तर मावशीचे उत्तर पुन्हा शून्यात जाईल. सध्या मी पेन्सिलीने चौकट काढून ठेवली आहे.